पावसाचा रकाना

या सगळ्या उपद्व्यापातून रकानेरावांना मिळण्यासारखं होतं ते एवढंच: एक खिडकी.

खिडकी म्हणजे आख्खी खिडकीसुद्धा नव्हे, तिच्याजवळचं टेबल. उद्यान आणि टेकड्या विभागात अकरा वर्षं ते एका लोखंडी कपाटाच्या मागे बसत होते. कपाटाचं दार दिवसातून सरासरी सव्वीस वेळा उघडायचं आणि त्यातल्या एकोणीस वेळा ते रकानेरावांच्या कोपरावर येऊन थांबायचं. उरलेल्या सात वेळा रकानेराव जागेवर नसायचे. हे आकडे त्यांचेच. त्यांनी त्याचा तक्ता ठेवला होता.

रकानेराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता पगारपत्रक सोडलं तर कुठेच वापरात नव्हतं. जगातली प्रत्येक गोष्ट रकान्यात बसते आणि जी बसत नाही तिच्यासाठी ‘शेरा’ नावाचा शेवटचा रकाना असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. घरच्या न्हाणीघराच्या दारावर त्यांनी गिझरच्या वापराचा तक्ता लावला होता. त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात बायकोनं तीन महिन्यांपूर्वी लिहिलं होतं, ‘गिझर बिघडलाय’. त्याखाली रकानेरावांनी ‘पाहिले’ लिहून सही केली होती. गिझर अजून तसाच होता.

तर खिडकीजवळचे तक्तेनीस निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात टेकडीची फाइल आली.

प्रकरण साधं होतं. शहरामागच्या टेकडीवर सायकलवाट होती. खडी, मुळं, दगड आणि उतार यांची ती वाट खास जाड टायरच्या सायकलींसाठी केलेली होती. वर्षभराच्या चाकांनी तिच्या कडेचं गवत पार गेलं होतं. म्हणून वरून हुकूम आला, की टेकडीला दरवर्षी तीन महिने विश्रांती द्यावी. आता कोणते तीन महिने? तर ज्या हवामानात सायकलस्वारांना वाट सगळ्यात कमी हवी असते ते. वारा, थंडी, ऊन आणि पाऊस, असे चार रकाने. स्वारांकडून अर्ज भरून घ्यायचे आणि शिवाय प्रत्येक हवामानात एकदा वर जाऊन प्रत्यक्ष मोजणी करायची.

“अर्जात लोक काहीही लिहितात,” अधीक्षकबाई म्हणाल्या. “डोळ्यांना दिसेल ते खरं. चारही मोजण्या पूर्ण करून आणा, खिडकीजवळचं टेबल तुमचं.”

“आणि एखादी मोजणी राहिली तर मॅडम?”

“तर तुमचंच उपकलम आहे ना? एक जरी मोजणी अपूर्ण राहिली तर चारही बाद, निर्णय अर्जांवरून.” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि टेबल पुढच्या वर्षी.”

उपकलम खरंच त्यांचंच होतं. दहा वर्षांपूर्वी टेकडीची नियमावली त्यांनीच लिहिली होती, आणि ती किती चोख लिहिली होती हे त्यांना दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं.

वाऱ्याचे दिवस होते. रकानेराव फळी, कागद आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन घेऊन टेकडीच्या फाटकाशी पोचले. चौकीदारानं हात आडवा केला.

“सायकल?”

“मला सायकल कशाला? मी चालत वर जाणार. मोजणी आहे.”

चौकीदारानं पाटीकडे बोट दाखवलं. ‘या वाटेवर फक्त सायकल. पायी जाण्यास सक्त मनाई. कोणत्याही कारणास्तव सूट मिळणार नाही.’ खाली रकानेरावांची सही होती. सहीखालची दुहेरी रेघसुद्धा स्पष्ट उमटली होती.

“अहो, हे मीच लिहिलंय!”

“मग तर तुम्हाला पाठच असेल साहेब,” चौकीदार म्हणाला.

‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द मूळ मसुद्यात नव्हते. ते रकानेरावांनी घरी बसून, एका रविवारी, हौसेनं घातले होते.

शेवटची सायकल त्यांनी शाळेत असताना चालवली होती. पण मेहुण्याकडे सायकल होती. मेहुण्याकडे खरं तर फक्त सायकलच होती. बाकीचं आयुष्य तिच्या मागच्या चाकाला बांधल्यासारखं फरफटत यायचं. तो आणि सासरे समोरच्याच इमारतीत राहायचे, त्यामुळे बातमी पोचायला वेळ लागला नाही.

“दाजी, तुम्ही? टेकडीवर?” मेहुणा आधी हसला, मग त्याला ठसका लागला, मग त्याला पाणी द्यावं लागलं. “न्या ना माझी जुनी. एकवीस गिअर आहेत. तुम्ही फक्त तीन वापरा. बाकीच्यांना हात लावू नका.”

“बाकीचे कशाला दिलेत मग?”

“ज्यांना कळतं त्यांच्यासाठी.”

सासरे कोपऱ्यात पेपर वाचत होते. एके काळी टेकडीवर पहिली सायकल त्यांची चढली होती, असं जुने लोक सांगत. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं दुखणं निघालं तेव्हा मेहुण्यानं फर्मान काढलं, की आता सायकल बंद. सायकल कुणाला तरी देऊन टाकली असं सासऱ्यांनी सांगितलं, आणि तेव्हापासून ते वाचनालयात जाऊ लागले. पेपरच्या मागून ते एवढंच म्हणाले, “जावईबापू, वाऱ्यात टेकडीच्या कण्यावर, त्या वरच्या उघड्या धारेवर, अंग सैल ठेवा. ताठ माणसाला वारा लगेच ओळखतो.”

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले. त्यांना कुणाच्याही चेहऱ्याकडे पाहताना फक्त तोंड दिसायचं. “पडणार असाल तर कुशीवर पडा,” ते म्हणाले. “समोर नको. तुमचा वरचा डावा दात आधीच विचारात आहे.”

वाऱ्याच्या मोजणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कण्यावर आडव्या वाऱ्यानं रकानेरावांना सायकलसकट उचलून वाटेच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं, अगदी अलगद, एखादी फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर ठेवावी तसं. मोजणीचे दोन कागद उडाले. एकूण स्वार सहा. त्यातले दोन सायकल हातात धरून चालत होते. नियमानं ते पादचारी ठरत होते, पण रकानेरावांनी त्यांना उदारपणे स्वारांतच धरलं, कारण ते स्वतःही चालतच होते.

थंडीची मोजणी मात्र पाहण्यासारखी झाली. निळंशार आकाश, कोरडी घट्ट माती, आणि वाटेवर नुसती रीघ. त्रेपन्न स्वार! वळणावर रांग लागली होती. माणसं थर्मासमधून चहा पीत होती, एकमेकांचे फोटो काढत होती. रकानेरावांची बोटं ब्रेकवर अशी गोठली, की उतार संपल्यावर ती सोडवायला मेहुण्याला बोलवावं लागलं. पण आकडा सुंदर आला. घरी येऊन त्यांनी तो लाल शाईनं लिहिला.

उन्हाळ्यात चार. वरची सैल खडी अशी झाली होती, की चाक एकीकडे जायचं आणि माणूस दुसरीकडे. त्या चौघांपैकी एक रस्ता चुकला होता.

आता अर्जांकडे या. अर्ज एक्केचाळीस आले, आणि प्रश्न एकच होता, ‘आपणांस कोणत्या हवामानात सायकल चालविणे सर्वाधिक आवडते?’ रकानेरावांच्या हातून इथे एक बारीकशी चूक झाली. अर्ज त्यांनी घरोघर पाठवण्याऐवजी फाटकावरच्या बाकावर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचून भरून घेतले. का, तर शाई एकच बाटली होती.

पहिला अर्ज मेहुण्याचा. त्यानं आजूबाजूला पाहिलं, हेल्मेट काखेत मारलं आणि म्हणाला, “लिहा दाजी. पाऊस! चिखल नाही तर मजा काय? थंडीत काय, कुणीही चालवतं.”

“हे शेवटचंही लिहू?”

“ठळक लिहा.”

मग कुणाची छाती होती दुसरं काही म्हणायची? पुढचा म्हणाला, पाऊस. त्याच्या पुढचा म्हणाला, पाऊस, आणि तोही वादळी. एक मनुष्य, ज्याला रकानेरावांनी थंडीत दोन हातमोज्यांवर तिसरा घातलेला पाहिला होता, तो म्हणाला, “मी तर घरून छत्रीसुद्धा नेत नाही.” सायकलवर छत्री नेतं कोण, हे विचारण्याचा रकाना नव्हता. एकूण पाऊस अडतीस, वारा दोन, ऊन एक. तो एक दातांच्या डॉक्टरांचा होता. त्यांच्याकडे सायकल नव्हती, पण अर्ज फुकट होता. थंडी, शून्य.

रकानेरावांनी ते आकडे पाहिले आणि मनातल्या मनात हसले. पावसाच्या दिवशी वर जाऊन शून्य मोजायचं, चारही मोजण्या पूर्ण, अर्ज बाद, पावसाळ्याचे तीन महिने वाट बंद, गवत खूश, बढाईखोर आतून खूश, आणि टेबल आपलं. त्यांनी खिडकीच्या मापाचा पडदासुद्धा बायकोला बघून ठेवायला सांगितला.

पावसाचा गुरुवार उजाडला तो धो-धो. बायको म्हणाली, “अहो, आजच जायला हवं का?”

“आजच. असा पाऊस पुन्हा मिळायचा नाही. आज वर चिटपाखरू नसणार.”

“मग मोजायचं काय?”

“तेच.”

खिडकीतून दिसलं, की खाली सासरे छत्री आणि कापडी पिशवी घेऊन वाचनालयाकडे निघाले आहेत. सासऱ्यांच्या वाचनाचं एक होतं, की ते कोरड्या दिवसांत पेपरच्या पुढे जात नसत. पण पाऊस लागला की त्यांना पुस्तकांची अशी ओढ लागायची की विचारू नका. सकाळी सातला जायचे, अकराला लेकीकडे चहाला यायचे, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. “रस्ते खोदलेत मेल्यांनी,” बायको म्हणायची आणि पायपुसणं बदलायची.

फाटकाशी चौकीदार चहा फुंकत बसला होता.

“कुणी गेलंय वर?”

“एवढ्या पावसात? कोण जाणार साहेब?”

हे सांगताना तो ज्या जागेवर पाय ठेवून उभा राहिला, तिथून एका जाड टायरची ताजी खूण निघून सरळ वर गेली होती. रकानेरावांच्या चष्म्यावर पाणी होतं.

वाट म्हणजे आता वाट नव्हती, ओढा होता. मुळं साबण लावल्यासारखी झाली होती. तरी रकानेराव हट्टानं कण्यापर्यंत चढले. वर पोचून त्यांनी चौफेर पाहिलं. कुणी नाही. समाधानानं त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फळी काढली, पावसाच्या रकान्यात शून्य लिहायला पेन टेकवलं, आणि ते पूर्ण करण्याआधी सायकल नुसती जराशी, सरळ करायला म्हणून, पुढे घेतली. पुढे उतार होता. रकानेरावांनी ब्रेक दाबला. पुढचा.

पुढचं सगळं क्रमानं झालं. सायकल थांबली. रकानेराव थांबले नाहीत. ते हँडलवरून गेले, एका झुडपाला स्पर्श केला, आणि एका डबक्यात उताणे विसावले. फळी त्यांच्या छातीवर येऊन बसली.

वरून आवाज आला, “जावईबापू, दोन ब्रेक असतात. मागचा शोभेला दिलेला नाही.”

पिवळा रेनकोट, जुनी सायकल, पिशवी पाठीला बांधलेली. सासरे एका पायावर सायकल टेकवून उभे होते, तोच तो गुडघा वाकवून.

“बाबा? तुम्ही... वाचनालयात...”

“सोमवारी बंद असतं.”

“आज गुरुवार आहे.”

“मग उघडं असेल,” सासरे म्हणाले आणि हात पुढे केला. “उठा. सर्दी होईल.”

एका खडकाच्या आडोशाला दोघं बसले. सायकल कुणाला दिली होती ते आता कळलं. ती चौकीदाराच्या खोलीमागे ताडपत्रीखाली असायची. सासऱ्यांनी पिशवीतून कोरडा टॉवेल काढला, जावयाला दिला आणि हवा कमी केलेलं मागचं चाक दाबून दाखवलं.

“पावसात हवा थोडी काढायची. टायर मातीला धरतो. आणि पाऊस थांबल्यावर तासाभरानं या. माती अशी होते की चाकाला आवाजच नसतो.” त्यांनी खाली फाटकाच्या दिशेला हनुवटी उडवली. “तुमचे ते अडतीस शूर कधी आलेत का? एकदासुद्धा नाही.”

“पण तुम्ही पावसातच का? थंडीत का नाही? गुडघ्याला...”

“थंडीत त्रेपन्न माणसं येतात, तुम्हीच मोजलीत. त्यातला एक माझा मुलगा. उन्हात खालच्या बाकावर सगळा शेजार. कुणीतरी वर बघतं, संध्याकाळपर्यंत घरी कळतं. पावसात माणसं वर बघत नाहीत हो. छत्रीतून टेकडी दिसत नाही.” सासऱ्यांनी गुडघ्यावरचा चिखल काळजीनं पुसला, जसा काही तोच काय तो मळला होता. “खाली मला फुटपाथवरून उतरतानासुद्धा दोघं हात धरतात. डॉक्टर म्हणाले होते सावकाश चालवा. घरात येईपर्यंत त्याचं ‘बंद’ झालं.”

रकानेरावांनी फळीकडे पाहिलं. पावसाच्या रकान्यात शून्याची पहिली अर्धी वाटोळी रेघ होती. “बाबा, एक तरी स्वार दाखवला तर तो खरा आकडा होईल. पण नियमानं स्वाराचं नाव आणि सही लागते. यादी फाटकावर लागते.”

“आणि माझा मुलगा रोज फाटकावर असतो.”

“शून्य लिहिलं काय नि एक लिहिला काय, उन्हातसुद्धा चार होते. पावसाळ्यात वाट बंद.”

सासरे उठले. त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला. “तुमचं टेबल आहे, जावईबापू. अकरा वर्षं झाली. मी समजू शकतो,” एवढं म्हणून ते त्या साबणासारख्या मुळांवरून असे खाली गेले, की रकानेराव मोजायचं विसरून बघत राहिले.

त्यानंतरचे चार दिवस रकानेराव कपाटामागे बसून त्या अर्ध्या शून्याकडे बघत होते. खरं लिहावं तर सासऱ्यांची टेकडी जाते. खोटं लिहिणं त्यांना जमत नव्हतं. नीतीचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न तक्त्याचा होता. कपाटाचं दार कोपरावर आलं. “सावकाश,” ते सवयीनं म्हणाले. आणि मग त्यांनी पेन उचललं.

अधीक्षकबाईंनी अहवाल मोठ्यानं वाचला. मोठ्यानं वाचायची गरज नव्हती, पण बाईंना चांगलं गद्य आवडायचं.

“‘पावसातील मोजणी सुरू असताना पाहणी अधिकारी पुढचा ब्रेक दाबल्यामुळे हँडलवरून जाऊन डबक्यात पडले. परिणामी मोजणी पूर्ण होऊ शकली नाही.’” बाईंनी कागद खाली ठेवला. “डबक्यात?”

“आधी झुडपात, मॅडम. पण ते विषयाशी संबंधित नव्हतं.”

“याची प्रत चौदा कार्यालयांत जाते.”

“कल्पना आहे.”

“हे वाक्य काढून टाका, मी बघितलं नाही असं समजते. शून्य लिहा. कुणी जात नाही तिथे पावसात, मला माहीत आहे.”

“वाक्य खरं आहे मॅडम. शून्याबद्दल मला तितकी खात्री नाही.”

बाईंनी कागद पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी सही केली. “टेबलाचं मी बोलले होते.”

“आठवतंय. पुढच्या वर्षी.”

“पावसातली मोजणीही पुढच्या वर्षी. आणि या वेळी एका दिवसावर भागणार नाही. पाऊस असेल त्या प्रत्येक सकाळी जा, नीट मोजून या. कार्यालयात बाराला आलात तरी चालेल.” बाई किंचित हसल्या, की तसा भास झाला, हे रकानेरावांना कुठल्याच रकान्यात बसवता आलं नाही.

उपकलमाप्रमाणे निर्णय अर्जांवरून झाला. सगळ्यात कमी पसंतीचं हवामान, थंडी. फाटकावर पाटी लागली, आणि त्या संध्याकाळी मेहुणा जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढून आला.

“दाजी! थंडीत बंद? अहो, वर्षातले तेच तर तीन महिने चालवण्यासारखे असतात!”

“तुझ्या अर्जात ‘थंडीत काय, कुणीही चालवतं’ असं आहे. ठळक आहे. सही आहे.”

“ते म्हणायचं असतं हो! खरं थोडंच असतं?”

“अडतीस जणांनी म्हटलंय. आता या पावसात. घरून छत्री न आणता.”

दातांच्या डॉक्टरांनी जिन्यात रकानेरावांचा वरचा डावा दात पुन्हा तपासला. पडूनही तो जागेवर होता, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

आता हिशेब, कुणी काय किंमत भरली त्याचा. मेहुण्यानं आणि त्याच्या सदतीस शूरांनी आपली थंडी भरली. पुढच्या पावसात त्यांच्यातलं कुणी फिरकलं नाही. चकचकीत सायकली घरांत भिंतींना टेकून उभ्या राहिल्या. रकानेरावांनी अब्रू भरली. चौदा कार्यालयांत त्यांना अजून ‘डबकं’ म्हणतात, आणि दूरच्या एका कार्यालयातून ब्रेक कसा दाबावा याचं सचित्र पत्रकही आलं. खिडकीजवळच्या टेबलावर तूर्त नवा प्रिंटर ठेवलाय. तो बाहेर बघत नाही. सासऱ्यांनी आपला एकांत भरला, कारण आता पावसात त्यांच्या मागे एक जण धापा टाकत, वळणं मोजत येतो आणि मागचा ब्रेक बरोबर दाबला की मोठ्यानं सांगतो. जाड टायरच्या दोन सायकली ताडपत्रीखाली सांभाळण्याचं काम चौकीदाराकडे आलं, पण त्यानं तक्रार केली नाही. वाटेवर कुणी नसतं, असंच तो विचारणाऱ्याला सांगतो.

मोजणीला निघण्याच्या पहिल्या सकाळी रकानेराव बायकोला म्हणाले, “मी जरा बाबांबरोबर वाचनालयात जाऊन मग कार्यालयात जाईन म्हणतो.”

“जा की,” ती म्हणाली आणि खुंटीवरची कापडी पिशवी त्यांच्या हातात दिली. “बाबांची आहे. काल इथेच ठेवून गेले, नेहमीसारखी.”

नेहमीसारखी? रकानेरावांनी पिशवीत डोकावून पाहिलं. पुस्तक एकच होतं, तीन वर्षांपूर्वी आणलेलं, पहिल्या पानातली खूणही न हललेली. त्याच्यावर घडी घातलेले कोरडे टॉवेल होते. एक जुना, ओळखीचा, आडोशाला बसून डोकं पुसलेला. दुसरा नवा.

“हे काय?”

“वाचनालयात गळतं ना फार,” ती पायपुसणं बदलत म्हणाली. “तीन वर्षं बघतेय.”

म्हणजे सगळ्यात जास्त भरलं होतं तिनं, आणि शेऱ्याच्या रकान्यात एक अक्षरही लिहिलं नव्हतं. रकानेराव पिशवी घेऊन दोन पायऱ्या उतरले, थांबले, परत वर आले, आणि मोजणीला उशीर होणार हे माहीत असून गिझरवाल्याला फोन लावला.